अमेरिकेतल्या एवढ्याशा गावात दोन-दोन लुथरन चर्च कशी काय?

लुथरन म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीवर चालणारा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, आणि त्याची दोन चर्च असण्याचं मुख्य कारण भाषा. १९व्या शतकात मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिनकडे जर्मन, नॉर्वेजियन, स्वीडिश लोक येऊन स्थायिक झाले आणि ज्याला त्याला प्रार्थना आपल्याच भाषेत हवी होती, त्यामुळे पंथ एक असूनही मंडळ्या (एकेका चर्चचे सभासद-समुदाय) वेगळ्या, पाद्री वेगळे, सिनॉडही (अनेक मंडळ्यांची मिळून संघटना) वेगळे, उदाहरणार्थ मिझुरी सिनॉड १८४७ मध्ये जर्मन लोकांनीच काढला. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी वातावरण तापलं, आयोवाच्या गव्हर्नरने तर १९१८ मध्ये चर्चमध्येही इंग्रजीच बोला असा हुकूम काढला, मग हळूहळू सगळेच इंग्रजीवर आले. पण इमारती तशाच राहिल्या. जुनी रजिस्टरं बघितलीत तर बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदी जर्मन किंवा नॉर्वेजियनमध्येच सापडतील, मंडळी कोणाची होती ते तिथेच कळतं. फक्त दरवेळी भाषाच कारण असेल असं नाही हं, १८८०च्या दशकात नॉर्वेजियन लोक आपसातच पूर्वनियतीवरून, म्हणजे तारण कोणाचं होणार हे देवाने आधीच कसं ठरवलंय यावरून, इतके भांडले की एकाच भाषेच्या दोन मंडळ्या झाल्या. त्यातले बहुतेक १९१७ मध्ये परत एकत्र आले.