जुन्या बीटलला ऑइल टेम्परेचर मीटर बसवावा का? काटा किती वर गेला की घाबरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, १३०० चं इंजिन, मामांकडून तुमच्याकडे आलेली. घर कासारवडवलीला. घोडबंदर रोडला पाऊण तास अडकलात की मागून जळका वास येतो. डॅशबोर्डवर टेम्परेचरचा काटाच नाही आणि गॅरेजवाला म्हणतो, "एअरकूल आहे साहेब, काही होत नाही." तर मीटर बसवावा का, सेन्सर कुठे घालायचा आणि किती डिग्रीला घाबरायचं?

मीटर बसवा. पण त्याआधी इंजिनाचे पत्रे तपासा, आणि बसवल्यावर काटा दाखवेल ते लगेच खरं मानू नका. मी नेमकं उलट केलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

माझ्याकडे तुमच्यासारखंच इंजिन आहे, वडिलांच्या गाडीचं. नौपाड्यात राहतो, गाडी सोसायटीच्या आवारात झाडाखाली उभी असते. (झाडाचा उल्लेख उगाच केलेला नाही.) प्रीमियर पद्मिनी चालवलेल्या माणसाला बीटलची एक गोष्ट पटकन कळत नाही. पद्मिनी तापली की सांगते. काटा वर जातो, पाणी उकळतं, बॉनेटमधून वाफ येते, तुम्ही बाटली घेऊन उतरता. बीटल काहीच सांगत नाही. तिच्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. सिलिंडरची बरीचशी उष्णता पंख्याची हवा नेते, आणि बेअरिंगची, पिस्टनखालची उष्णता तेल नेतं. तेल तरी किती? अडीच लिटर. वंगणही तेच आणि निम्मं कूलंटही तेच. डॅशबोर्डवर दिवे दोन: एक डायनॅमोचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा), एक ऑइल प्रेशरचा. डायनॅमोचा दिवा चालत्या गाडीत लागला तर बहुतेक वेळा पट्टा तुटलेला असतो, आणि त्याच पट्ट्यावर पंखाही फिरतो. म्हणजे कूलिंग बंद. तो दिवा दिसला की "पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊ" असं म्हणू नका, तिथल्या तिथे थांबा. प्रेशरचा दिवा तर फारच उशिरा बोलतो. तेल पाण्यासारखं पातळ होऊन प्रेशर जवळपास संपल्यावरच तो लुकलुकतो. म्हणून मीटर हवा.

आता पत्रे. बीटलचं इंजिन चारही बाजूंनी पत्र्यांनी आणि रबराच्या पट्टीने वरच्या खणात बंद केलेलं असतं. वर थंड हवा, खाली गरम हवा, मध्ये पडदा, अशी ती रचना आहे. पंखा वरून थंड हवा ओढतो, सिलिंडरवरून खाली ढकलतो आणि ती गरम होऊन खालून निघून जाते. आपल्याकडे पन्नास वर्षांत इंजिन चार-पाच वेळा तरी उतरलेलं असतं, आणि दर वेळी बसवताना दोन पत्रे 'एक्स्ट्रा' उरतात. ते गॅरेजच्या कोपऱ्यात राहतात. मग खालची गरम हवा फटींतून परत वर येते आणि पंखा तीच हवा पुन्हा इंजिनावर मारतो. माझ्या गाडीला कडेची रबरी पट्टी अर्धीच होती, प्लगच्या वायरींवरची हवा अडवणारी रबरं चारपैकी एकच, आणि पंख्याच्या कव्हरमध्ये, तेल गार करणाऱ्या ऑइल कूलरच्या पाकळ्यांवर, सुकलेल्या पानांचा आणि तेलकट धुळीचा थर साचला होता. झाड ते हेच. १९७० पर्यंतच्या इंजिनात हा कूलर पंख्याच्या कव्हरच्या आत, डाव्या बाजूच्या सिलिंडरांवर उभा असतो. तो तुंबला की तेल तर तापतंच, शिवाय त्याच्यामागे दडलेल्या तीन नंबरच्या सिलिंडरला आधीच कमी मिळणारी हवा आणखी कमी होते. तुमची १९६९ ची, म्हणजे तुमचंही हेच प्रकरण. कव्हर उतरवून साफ करून घ्या. एक दिवस जातो, पण त्यानंतर मीटर जे दाखवेल त्याला काही अर्थ असतो.

थर्मोस्टॅट आहे का तेही बघा. "आपल्याकडे गरमच असतं, कशाला हवा" म्हणून तो काढून टाकायची इथे पद्धत आहे. इंजिन गार असताना कव्हरमधल्या झडपा बंद ठेवून ते लवकर गरम करणं हे त्याचं काम. तो नसेल तर बाजारात जाऊन येण्याएवढ्या फेऱ्यांत तेल कधी पुरतं तापतच नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेतला ओलावा आत साचतो आणि तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट फेस धरतो. तो दिसला तर तुमच्या गाडीचं दुखणं बहुधा गरमीचं नाही, उलट आहे.

सेन्सर कुठे घालायचा यावर लोक तासन् तास वाद घालतात. सोपी जागा डिपस्टिकची, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या पट्टीची. डिपस्टिकच्या आकाराचाच सेन्सर मिळतो, जुनी काढायची, हा खुपसायचा, कुठे भोक नाही की काही नाही. फक्त त्याची लांबी तुमच्या डिपस्टिकशी जुळवून घ्या. आखूड पडला तर तो तेलाचं नाही, वरच्या हवेचं तापमान सांगत बसतो. दुसरी जागा खाली, तेल काढायच्या बोल्टच्या जागी. तिथलं रीडिंग चांगलं येतं, पण तो गाडीचा सगळ्यात खालचा भाग आहे आणि आपल्या गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. मी डिपस्टिकवाला घेतला नाही, खालचा घेतला. शहाणपणा होता असं म्हणणार नाही. जागा कुठलीही निवडा, पण मग बदलू नका. दोन जागांच्या रीडिंगमध्ये सहज दहा डिग्रीचा फरक पडतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा ऐकून आपल्या काट्याकडे बघण्यात अर्थ नसतो.

आता माझी फजिती. सेन्सर बसवताना आट्यांतून तेल गळू नये म्हणून मी नळाला गुंडाळतात तशी पांढरी टेप चांगली चार-पाच वेढे गुंडाळली. काटा सुंदर चालायला लागला. शहरात ७५, हायवेला ८५. मे महिन्यात नाशिकला निघालो, कसारा घाट चढलो, काटा ८५ वर. मी खूश. इगतपुरीच्या अलीकडे चहाला थांबलो, इंजिन आयडलला, आणि ऑइलचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. ८५ डिग्रीला तेल इतकं पातळ होत नाही. डिपस्टिक ओढून बघितली तर बोटांना चटका बसला आणि हातातून सुटली. जुने मिस्त्री इंजिन असंच तपासायचे: डिपस्टिकची कडी बोटांत धरवते तोवर ठीक. त्या दिवशी मिस्त्री खरे आणि मीटर खोटा निघाला.

झालं असं, की या सेन्सरला वायर एकच असते. दुसरी वाट त्याच्या आट्यांमधून, इंजिनाच्या धातूतून अर्थला जाते. तेल तापतं तसा सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होतो आणि काटा वर चढतो. मी टेप गुंडाळून अर्थच्या वाटेत अडथळा घातला. रेझिस्टन्स वाढला आणि मीटरला वाटलं तेल थंड आहे. घरी आल्यावर सेन्सरच्या अंगापासून इंजिनाला एक वायर जोडली, तर त्याच गरम इंजिनावर काटा टुणकन २० डिग्री वर गेला. गळती अडवायला तांब्याचा वॉशर पुरतो. टेप नको.

म्हणून सांगतो, सेन्सर बसवायच्या आधी स्वयंपाकघरात त्याची परीक्षा घ्या. जुन्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवा, सेन्सरचं टोक पाण्यात, त्याच्या अंगाला एक वायर लावून ती बॅटरीच्या निगेटिव्हला, मीटर नेहमीसारखा जोडलेला. ठाणं समुद्रसपाटीवर आहे, त्यामुळे पाणी १०० ला उकळतं. काटा १०० वर किंवा दोन-चार डिग्री इकडेतिकडे थांबला पाहिजे. ९० किंवा ११५ दाखवत असेल तर सेन्सर आणि मीटर एकमेकांचे नाहीत. वेगवेगळ्या दुकानांतून घेतले की हे हमखास होतं. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच रेंजचे घ्या. ५० ते १५० डिग्रीचा मीटर बरा. पुढे कधी काटा वेडेवाकडे चाळे करू लागला तर सेन्सरची वायर काढून बघा, काटा तळाला जायला हवा. तीच वायर क्षणभर अर्थला टेकवा, शेवटच्या टोकाला जायला हवा. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा अर्थमध्ये.

घाबरायचे आकडे. तेल ८० ते १०० मध्ये असलेलं उत्तम. उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर ११० पर्यंत जातं, मी काही करत नाही. ११५ ओलांडलं की वेग कमी करतो. १२० ला माझा पाय आपोआप उचलला जातो, आणि त्याच्या वर राहिलं तर कडेला थांबतो. पण या आकड्यांपेक्षा सवय जास्त कामाची. महिनाभर चालवलीत की तुमची गाडी कुठे किती असते हे डोक्यात बसतं. माझी थंडीत सकाळी पाम बीच रोडला ७० च्या वेगात ८८ ला उभी राहते. एक दिवस तिथेच ९८ दिसलं. धोक्याचा आकडा नव्हे, पण दहा डिग्री कुठून आल्या? बघितलं तर इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे सरकलं होतं.

तुम्हाला एक आश्चर्य वाटेल: घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तेल फार तापत नाही. इंजिन आयडलला असतं, उष्णताच कमी तयार होते, आणि पंखा गाडीच्या वेगावर नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. जुन्या पेट्रोलच्या बजाज चेतकचा पंखाही तसाच. तेल खरं तापतं ते दुपारी नाशिक हायवेला तासभर ९० ने पळवलं की. आणि त्याहून वाईट म्हणजे गायमुखचा घाट चौथ्या गिअरमध्ये रेटत चढणं. लोड पूर्ण, फेऱ्या कमी, पंखा मंद. तिसरा टाका, इंजिन जरा ओरडू द्या, काटा थांबलेला दिसेल. हे मला मीटरनेच शिकवलं. त्याआधी वीस वर्षं मी इंजिनावर दया म्हणून वरचा गिअर धरून ठेवायचो.

पट्टा शाबूत असेल तर थांबल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन बंद करू नका. एक मिनिट आयडलला ठेवा, पंखा आणि तेल दोन्ही चालू राहतात. आणि पाणी तर कधीच ओतू नका. गरम ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो. मागचं झाकण काठी लावून उघडं ठेवणारेही भेटतील. मी करून बघितलं, काटा हलला नाही, धूळ मात्र आत गेली.

तेल मी २०डब्ल्यू-५० घालतो आणि ३००० किलोमीटरला बदलतो, जाळीही तेव्हाच धुतो. या इंजिनाला फिल्टर नाही, जाळीच आहे. जास्तीचा ऑइल कूलर घेऊ नका, निदान पत्रे पूर्ण झाल्याशिवाय. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या जेटचं (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचं) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि हेड जास्त तापतात, तेव्हा कार्बोरेटरचा मेन जेटही एकदा बघून घ्या.

राहिला तुमचा वास. तो तापल्याचा असेलच असं नाही. पुशरॉडच्या नळ्यांची सीलं किंवा टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर तेल खाली एक्झॉस्टवर पडतं, जळतं, आणि उभ्या गाडीत हीटरच्या वाटेने आत येतं. चालत्या गाडीत ते मागे उडून जातं, म्हणून तुम्हाला ट्रॅफिकमध्येच जाणवतं. गाडी वर घेऊन खालून टॉर्च मारलात की ओल दिसेल. पण त्याआधी आज एकदा मागचं झाकण उघडून नीट वास घ्या. तो तेलाचा नसून पेट्रोलचा असेल तर मीटर राहू दे, गाडी जागेवरून हलवू नका आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी बदलून घ्या. ती इग्निशनच्या अगदी शेजारून जाते.