वडिलांच्या हातातल्या चिपळ्या काढून तेलाची बाटली दिली, आता करायचं काय?

प्रश्न: माझे वडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले कीर्तनकार. दोन वर्षांपूर्वी वारले. हल्ली सांधेदुखीच्या एका तेलाच्या फलकांवर त्यांचा फोटो झळकतोय. हातातल्या चिपळ्या काढून तिथं बाटली दाखवली आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत त्यांच्याच आवाजात 'या तेलानं माझा संधिवात बरा झाला' असं ऐकू येतं. ते असं कधीच बोलले नव्हते. कंपनी कोल्हापूरची. जाब विचारला तर म्हणाले, 'तुमच्या काकांनी लावा की म्हटलंय, आणि मेलेल्या माणसाचा कसला हक्क?' घरी आई आणि मी दोघीच. काय करता येईल?

ताई, कंपनीचं बोलणं चीड आणणारं आहे, पण त्यातल्या एका वाक्याला न्यायालयांचा आधार आहे, म्हणून आधी तेच सांगतो. आपलं नाव, चेहरा, आवाज कुणाला व्यापारासाठी वापरू द्यायचा, हा हक्क जिवंत माणसाला आहे. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राकडून होणारी नक्कल मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये याच हक्कावर थांबवली. मृत्यूनंतरची गोष्ट वेगळी. जयललितांच्या भाचीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये आणि सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांना अंतरिम मनाई नाकारताना दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं, की हा हक्क माणसासोबत संपतो, वारसांकडे येत नाही. हे निकाल बेळगावच्या न्यायालयावर बंधनकारक नाहीत, पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच पुढे ठेवील.

मला ही भूमिका पटत नाही. बुवांनी गावोगावच्या सप्ताहांत उभं राहून कमावलेला विश्वास त्यांच्या माघारी कुणीही बाटलीला चिकटवावा आणि बायको-मुलीनं बघत बसावं, हा न्याय नव्हे. काही नावांना कायद्यानं थेट संरक्षण दिलंही आहे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. तुमच्या वडिलांना ते कवच नाही. म्हणून दावा 'वडिलांच्या नावाचा हक्क' या एकाच खांबावर उभा करू नका. तुमची खरी ताकद फोटोत, ध्वनिमुद्रणात आणि त्या खोट्या वाक्यात आहे.

आधी फोटो. तो कुणी काढला, पैसे कुणी दिले? वडिलांनी किंवा घरच्यांनी पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. वडिलांनी दिले असतील तर तो आता आईचा आणि तुमचा. जुनी पावती, अल्बमच्या मागचा स्टुडिओचा शिक्का, जे मिळेल ते शोधा. फोटोग्राफरनं सप्ताहात आपणहून टिपला असेल तर मालक तो. मग त्याच्याकडून हक्क लेखी घ्या आणि मुदत स्पष्ट लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. आधी झालेल्या उल्लंघनाबद्दल दावा करण्याचा अधिकारही त्याच कागदात यायला हवा.

काकांच्या होकाराला घाबरू नका. पत्नी आणि मुलगी असताना हिंदू वारसा कायद्यानं भाऊ वारस ठरत नाही. मृत्युपत्रानं काही दिलं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय कॉपीराइटचा परवाना लेखी लागतो, 'लावा की' एवढ्यावर तो होत नाही. काकांवर मात्र लगेच तुटून पडू नका. ते कुणापुढे, काय बोलले हे त्यांच्याकडूनच लिहून घेतलंत तर तो कागद तुमच्याच उपयोगी पडेल.

आवाजाचं जरा नाजूक आहे. कॉपीराइट कायद्यात 'प्रयोगकर्ता' म्हणजे गायक, वादक, व्याख्यान देणारा, अगदी गारुडीसुद्धा, तेव्हा कीर्तनकार त्यात बसतात. आपल्या प्रयोगावरचा त्यांचा हक्क ५० वर्षं टिकतो. व्हिडिओत वडिलांच्या खऱ्या कीर्तनाचा एखादा तुकडा असेल तर बाजू भक्कम. सगळाच आवाज यंत्रानं बनवला असेल तर वाद होईल. म्हणून जुन्या कॅसेट, मंडळांकडची मुद्रणं आणि हा व्हिडिओ शेजारी ठेवून नीट ऐका.

पण मला सगळ्यात जास्त भरवसा त्या खोट्या वाक्याचा वाटतो. संधिवात बरा करण्याच्या जाहिरातीला औषधे व जादुटोणा उपचार कायदा, १९५४ मनाई करतो. तक्रार औषध नियंत्रण विभागाकडे करा. न झालेला अनुभव ग्राहकाला ऐकवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल आहे. पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तक्रार बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. या दोन्ही ठिकाणी वारसा सिद्ध करावा लागत नाही, म्हणून सुरुवात इथून करा.

बदनामीच्या फौजदारी तक्रारीचा सल्ला कुणीतरी देईलच. मृताची बदनामी गुन्हा ठरते खरी, पण त्यात घरच्यांना दुखावण्याचा हेतू दाखवावा लागतो. इथं हेतू विक्रीचा दिसतो. त्यात वेळ घालवू नका.

आजच फलकांचे फोटो काढा, गावाचं नाव आणि तारीख टिपून ठेवा. व्हिडिओ ज्या मोबाईलवर आला तो बदलू नका, पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यावरूनच द्यावं लागेल. कंपनी कोल्हापूरची असली तरी तुम्ही इथं राहता आणि फलकही इथं लागलेत, तेव्हा कॉपीराइटचा दावा बेळगावात करता येतो. मराठी पावत्या-पत्रांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्या, आपल्याकडे तारखा वाया जातात त्या बऱ्याचदा त्यापायी. कंपनीला वकिलाकरवी नोटीस पाठवा आणि उत्तराला पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर तातडीच्या मनाईचा अर्ज दाव्यासोबतच करा, म्हणजे दाव्याआधीच्या मध्यस्थीसाठी थांबावं लागणार नाही. तेलाला वडिलांचंच नाव देऊन ट्रेडमार्क मागितला गेला, तर मृत्यूला वीस वर्षं झाली नसल्यानं निबंधक वारसांची संमती मागू शकतो. तसा अर्ज झालाय का, हेही वकिलाकडून बघून घ्या.