कुस्तीचा ग्रुप चालवणाऱ्या भावाला: आधी चिठ्ठी घे, मग कॅमेरा काढ

भावा, तुझं वाचलं. बेळगावकडच्या खानापूर भागातल्या जत्रांच्या कुस्त्या दाखवायला यूट्यूब चॅनेल काढलंस, जोडीला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आता ग्रुपवर कन्नड-मराठीवरनं रोज भांडणं आणि वरनं चॅनेलला कॉपीराइटची पहिली स्ट्राइक, म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचा व्हिडिओ टाकला अशा तक्रारीवरनं यूट्यूबची ताकीद. आणि तू विचारालायस टेलिग्रामवर जाऊ का! ॲप कुठलंही घे, त्यानं काही फरक पडत नाही. स्ट्राइकचं आधी बघ, आमचं जुनं चॅनेल त्याच्यातच गेलं.

आमच्याकडं मैदानात लेखी कोण मागतंय, पंच म्हणतात 'काढा की पोरांनो', की आम्ही हलगीवाल्यांच्या शेजारी फोन लावून उभे. नंतर त्याच मैदानाचं लाइव्ह संयोजकांनी दुसऱ्या मोठ्या चॅनेलला दिलं, आणि त्या चॅनेलवाल्यांनी आमच्या फोनवर आम्हीच काढलेल्या कुस्त्यांवर तक्रारी टाकल्या. आम्हाला पाहिजे होतं फक्त दोन ओळींचं पत्र, 'ह्यांना चित्रीकरणाची परवानगी दिली होती' एवढंच. ते पत्र द्यायचं कमिटीचं ऑफिस कुठलं ते सांगत नाही, पण काय फिरवलंय! आधी म्हणे अध्यक्ष गावाला गेलेत. मग अर्ज मराठीत चालत नाही, कन्नडमध्ये आणा. ते बी आणला, गोकाकच्या मित्राकडनं व्यवस्थित लिहून घेतला. मग म्हणे ह्याला ठराव लागतोय, आणि ठराव होईपर्यंत कमिटीच बदलली. नवे म्हणाले जुन्यांनी काय सांगितलंय ते आम्हाला माहीत नाही. खुर्चीवर बसून दोन ओळी लिहून द्यायला जीव जातोय ह्यांचा, आणि स्टेजवर भाषणं मात्र 'कुस्ती जगली पाहिजे'! तोवर ९० दिवसांच्या आत तीन स्ट्राइक झाल्या आणि चॅनेल बंद. कुस्त्या परत होतील, पण त्या चॅनेलवर जुन्या वस्तादांच्या मुलाखती होत्या, कुणी कुणाला कुठल्या मैदानात घिस्सा डावावर मारलं, कुणाला ढाक लावली, खुराक काय होता, सगळं. काहींचे मूळ व्हिडिओ कुणाकडंच उरले नव्हते. त्यातल्या काही माणसांशी आता बोलता येणार नाही. त्याचं दुःख अजून आहे.

तुझी पहिलीच स्ट्राइक आहे, तर यूट्यूबचं ते कॉपीराइट स्कूल, म्हणजे नियम शिकवणारा छोटा कोर्स, पूर्ण कर, ९० दिवसांनी ती उतरते. समोरच्याला तक्रार मागे घे म्हणून सरळ विचारून बघ. नाहीच ऐकलं तर काउंटर नोटिफिकेशन आहे, म्हणजे व्हिडिओ चुकीनं काढला असा यूट्यूबला उलटा अर्ज, त्यावर १० कामकाजाच्या दिवसांत त्यानं कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. पण त्यात तुझं खरं नाव-पत्ता समोरच्याला जातो, आमची पोरं तिथंच मागं हटली, गावातल्याच जत्रेच्या लोकांशी वैर कोण घेणार. मी वकील नाही, मोठं प्रकरण असेल तर वकिलाला दाखव. पण इथून पुढं मैदानाचं पोस्टर छापतानाच सहीचं पत्र घे. आणि मधे डीजे लागला की तेवढं कापून टाक, गाण्याच्या कॉपीराइटचा क्लेम, म्हणजे दावा, वेगळा येतो.

माझं मत विचारशील तर निव्वळ व्हिडिओवर ग्रुप टिकतच नाही. जोड कोणती, इनाम किती, निकाली झाली की बरोबरीत सोडवली, कुठल्या डावावर, हे प्रत्येक मैदानाचं लिहून ठेव, दोन्ही लिपीत. पावसाळ्यात मैदानं नसतात तेव्हा हेच कामाला येतं. देशाचे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, १९५९ साली दिल्लीत गदा घेतली, आणि आपल्याच पोरांना हे सांगावं लागतंय.

भांडणाचं म्हणशील तर सीमाप्रश्न ग्रुपवर नाही म्हणजे नाही. मला बी त्याबद्दल पोटातनं वाटतंय, पण त्याची जागा वेगळी. दावणगेरेचा पैलवान चांगला लढला तर मराठी पोरानं कौतुक करावं, कोल्हापूरचा लढला तर कन्नड पोरानं, आणि करतात बी, मैदानात सगळे एकत्रच शिट्ट्या मारतात. एक ॲडमिन कन्नड बोलणारा पाहिजेच. १ नोव्हेंबरला कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि आपल्याकडच्या मराठी लोकांचा काळा दिवस, म्हणून ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपासून दोन दिवस ग्रुपवर मेसेज 'फक्त ॲडमिन' टाकतील असं करून ठेव, त्या दिवसांत एका फॉरवर्डनं घरोब्याची माणसं तुटलेली बघितलीत. सदस्यानं काही टाकलं म्हणून निव्वळ ॲडमिन असल्यामुळं तू गुन्हेगार ठरत नाहीस असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय, पण आपण कर्नाटकात आहे, त्या भरवशावर बसू नको, दिसलं की डिलीट कर.

आणखी एक, बेटिंग ॲपवाले पैसे घेऊन येतील, जाहिरात लाव म्हणून. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवर बी २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, हाकलून दे. लहान पोरींच्या कुस्त्यांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय टाकू नको, खालच्या कमेंट वाचवत नाहीत.

परवानगीच्या पत्राचा नमुना माझ्याकडं कन्नड-मराठी दोन्हीत टाइप केलेला आहे, पाहिजे असेल तर मेसेज टाक. पुढच्या जत्रेआधीच टाक म्हणजे झालं.