कोर्स संपला आणि बॉडी उतरायला लागली

त्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली ती त्याची आई, आणि तिची तक्रार वेगळीच होती. "ताई, लग्नाचा विषय काढला की हा ताटावरून उठतो. बाहेर काही आहे का, तेवढं विचारा." घर धनकवडीला, काम मार्केट यार्डच्या फुलबाजारात एका गाळ्यावर, वय २६. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मे महिन्यातली दुपार होती आणि तो जाड जर्किन घालून आत आला. दहा मिनिटं हो-नाहीच्या पुढे गाडी सरकेना. मी म्हटलं, "एवढ्या उकाड्यात जर्किन कशाला रे?" त्यावर त्याने खिशातून एक पिवळा टेप काढून टेबलावर ठेवला. कपडे मोजायचा, आईच्या शिलाई मशिनच्या खणातला. दिवसातून पाच-सहा वेळा तो दंड मोजायचा, कामावरसुद्धा, गाळ्यामागे जाऊन. टेपवर साडेसोळाच्या खुणेपाशी बॉलपेनने रेघ ओढलेली होती. "इथे होता मॅडम. आज सकाळी पावणेसोळा भरला."

मग सगळं बाहेर आलं. जिममधल्या एका मोठ्या मुलाने आणून दिलेल्या, बॉडी बनवायच्या स्टेरॉइड इंजेक्शनांचा १२ आठवड्यांचा कोर्स, तो संपून झालेले दोन महिने. वजन ८४ वरून ७८ किलो, बेंच (आडवं पडून छातीवरून उचलायचं वजन) ११० वरून ९५ वर. "कमावलेलं टिकवायचं कसं, एवढं सांगा."

हा प्रश्न मला आता दर महिन्याला कोणीतरी विचारतं. ट्रेनरला विचारायचा प्रश्न समुपदेशकाकडे का येतो, तर ट्रेनरचं उत्तर बहुतेक वेळा 'पुढचा कोर्स' असतं, आणि मुलाला आतून कुठेतरी ते नको असतं.

याने स्वतःच एक उत्तर शोधलं होतं: दुप्पट व्यायाम. आठवड्याचे सहा दिवस, छातीला २०-२२ सेट (सेट म्हणजे सलग मारलेल्या उचलींची, रेपची, एक खेप), दंडाला तेवढेच, शेवटी ड्रॉप सेट, म्हणजे थकल्यावर वजन उतरवत न थांबता मारलेला सेट. कोर्समध्ये चेहरा सुजला होता म्हणून जेवण कमी केलेलं. बाजारासाठी पहाटे साडेतीनला उठायचं आणि जिममधून घरी यायला रात्रीचे दहा. दोन्ही कोपरं ठणकत होती. आणि टेप रोज थोडा थोडा खाली येत होता.

मी त्याला सांगितलं ते असं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना पाठवायचे संदेश थांबवतो, आणि शरीराचं स्वतःचं उत्पादन बंद पडतं. कोर्स संपला की बाहेरचं आटतं आणि आतलं लगेच सुरू होत नाही. कोणाला काही महिने लागतात, कोणाला वर्ष, काहींना त्याहून जास्त. या मधल्या काळात स्नायू दुरुस्त करायची शरीराची ताकद कमी असते. कोर्समध्ये २२ सेट पचत होते, कारण औषध ते पचवत होतं. आता त्याच २२ सेटनी झालेली झीज भरूनच निघत नाही. म्हणजे बॉडी टिकवायला तो जे करत होता, त्यानेच ती आणखी उतरत होती.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मी आळशी नाही?" दोन महिने हा मुलगा स्वतःला आळशी म्हणत होता.

एक कडू गोष्टही सांगावी लागली. १९९६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही पुरुषांना १० आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. व्यायाम न करता नुसतं औषध घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजनसुद्धा सुमारे ३ किलोने वाढलं. औषध आणि व्यायाम दोन्ही असणाऱ्यांचं साधारण ६ किलोने. म्हणजे कोर्समधल्या कमाईचा एक वाटा औषधाचाच असतो. त्यातलं शरीरात साठलेलं पाणी आधी जातं, मग काही स्नायूही. ते सगळं धरून ठेवायची कोणतीही युक्ती नाही, आणि कोणी ती विकत असेल तर तो खोटं बोलतोय. टिकतो तो घामाचा वाटा, आणि तो जपता येतो.

त्याच भेटीत मी विचारलं, "जगून काय करायचं, असं मनात येतं का?" या मुलांना मी हे नेहमी थेट विचारते. कोर्स सुटल्यावर हार्मोन तळाला जातात तेव्हा मनही खाली जातं, आणि मुलं त्याला स्वतःचा नालायकपणा समजतात. तो टेपची गुंडाळी करत राहिला. "कधी कधी. पहाटे गाडीवर." त्याच दिवशी त्याला सांगून आईला आत बोलावलं, संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये भरून दिला. हे वाचणाऱ्या कोणाला असं वाटत असेल तर आधी तिथे फोन करा, सेट-रेपचं नंतर बघू.

लग्नाचं कोडं दुसऱ्या भेटीत सुटलं. शरीरसंबंधाची इच्छाच मेली होती आणि आपण 'कामातून गेलो' अशी त्याची खात्री झाली होती. हार्मोनच्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या: टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच (मेंदूकडून वृषणांना संदेश नेणारे हार्मोन), हिमोग्राम, लिपिड, लिव्हर. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी द्यावं लागतं, नेमकं बाजाराच्या वेळेत, म्हणून त्याने एक दिवस खाडा केला. टेस्टोस्टेरॉन आणि एलएच दोन्ही कमी निघाले, पण डॉक्टरांनी बहुतेकांचं हे पुन्हा पूर्ववत होतं असं सांगितलं, तेव्हा तो रडला. मित्राने सुचवलेल्या 'रिकव्हरीच्या' गोळ्या त्याने दाखवल्या. अशा गोळ्या लागल्या तर त्या डॉक्टरच देतील, मनाने घ्यायच्या नाहीत.

व्यायामासाठी माझ्या ओळखीच्या एका स्ट्रेंथ कोचला सोबत घेतलं. त्याचा नियम सरळ होता: वजन सोडायचं नाही, सेट सोडायचे. घाबरलेली मुलं उलटं करतात, वजन हलकं करून रेप वाढवतात. स्नायूला 'तुझी गरज आहे' हे जड वजन सांगतं, सेटची संख्या नाही. २०११ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात तरुणांनी १६ आठवडे कमावलेले स्नायू पुढचे ३२ आठवडे जेमतेम नवव्या हिश्श्याच्या व्यायामावर टिकवले होते. ते कोर्सवाले नव्हते, म्हणून आम्ही इतकं खाली गेलो नाही. आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट, बेंच, रोइंग, एक दिवस डेडलिफ्ट. प्रत्येकाचे तीन सेट, पाच-सहा रेप, आणि दर सेटला दोन रेप हातात राखून थांबायचं. छातीचे २२ सेट ९ वर आले. ड्रॉप सेट बंद. कोपरांसाठी बेंच दोन आठवडे ८० वर ठेवला, कारण स्नायू औषधाने भराभर वाढले तरी स्नायूबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. एवढ्या एकाच ठिकाणी आम्ही वजन उतरवलं.

जेवण पूर्ववत केलं. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे त्याच्यासाठी दिवसाला साधारण १२५ ग्रॅम: अंडी, चिकन, सोयाबीन, पनीर, मटकीची उसळ, दही. सर्वांत अवघड झोप होती. बाजार बदलता येत नव्हता, म्हणून दुपारी दोन तास झोप आणि जिम साडेपाचला, असं ठरलं. पहिले दोन आठवडे एवढ्या कमी व्यायामाने त्याला अपराधी वाटायचं. रात्री फोन यायचा, "मॅडम, अजून चार सेट मारू का?" मी म्हणायचे, आज नको, उद्या विचार.

पाच महिने झाले. वजन ७६ वर थांबलंय, बेंच पुन्हा १०० झाला, दंड साडेपंधरा. साडेसोळा परत आलेले नाहीत आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटतं, ते तो लपवत नाही. दुसऱ्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन वर सरकलंय. टेप मशिनच्या खणात परत गेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आईच दंड मोजते आणि कॅलेंडरवर लिहून ठेवते. तिसरा रिपोर्ट दिवाळीनंतर. मुलगी पाहायला जायचं की नाही ते त्यानंतर बोलू, असं त्यानेच तिला सांगितलंय.