लॅबमध्ये मोजणी करताना तोंडात बाबांची प्रार्थना येते, मी खोटी आहे का?

ताई, मी 28 वर्षांची, मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी करतेय. देवाबिवावर माझा कधीच विश्वास नव्हता. सात महिन्यांपूर्वी बाबा हार्ट अटॅकने गेले, औषधं वेळेवर चालू असतानासुद्धा. तेव्हापासून पेट्री डिशमधल्या जिवाणूंच्या कॉलनी मोजताना नकळत त्यांची रोजची प्रार्थना तोंडात येते आणि जरा शांत वाटतं. लॅबमधल्या मित्राने ऐकलं तर हसला, म्हणाला आधी पुरावा दाखव. आई म्हणते तुझ्या सायन्सने कुठे वाचवलं त्यांना, आणि आता तिने स्वतःची बीपीची गोळीच बंद केलीय, 'तो बघेल' म्हणते. हे दोन्ही एका माणसात राहू शकतं का?

अगं, आधी गोळीचं बघू, बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल. बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काही म्हणजे काही जाणवत नाही, त्यामुळे आई म्हणेल की मला तर बरं वाटतंय, तर त्यावर जाऊ नकोस. आज मशीन लावून आकडा बघ आणि तिच्या डॉक्टरांना फोन कर. फक्त तिच्याशी बोलताना देवाला मध्ये आणू नकोस. औषधं घेऊनही नवरा गेला, याचा तिला राग आलाय आणि तो गोळीवर निघतोय, असं मला तुझं पत्र वाचून वाटलं. 'आई, मला आता अजून एक धक्का झेपणार नाही' एवढंच म्हण, ते खरंही आहे.

आता तुझं. प्रार्थना म्हणत म्हणत तू 143 कॉलनी मोजल्यास तर वहीत 143च लिहितेस ना? 150 आल्या असत्या तर रिझल्ट छान दिसला असता म्हणून 150 लिहीत नाहीस ना? मग कुठे खोटी आहेस तू? वैज्ञानिक म्हणून तुझी परीक्षा त्या वहीत आहे, ओठांवर काय आहे त्यात नाही. आणि तुझ्या मित्राला सांग, पुरावा दाव्याला मागतात, तू दावा कसला केलास? तुला बाबांची आठवण आली, बस.

बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र माहीत असतील तुला. कॅथलिक पाद्री होते आणि पक्के फिजिसिस्ट. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 साली गणिताने मांडलं, आणि 1931 मध्ये, या सगळ्याची सुरुवात एका आदिअणूपासून झाली असावी, असंही, म्हणजे ज्याला आपण आज बिग बँग म्हणतो त्याचं मूळ. पुढे 1951 मध्ये खुद्द पोपनी, बाराव्या पायसनी, भाषणात या कल्पनेचा आधार घेतला की बघा, विज्ञानसुद्धा निर्मितीकडेच बोट दाखवतंय. लमेत्रना हे आवडलं नाही. पाद्री असून! त्यांचं म्हणणं असं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे. मला हे फार मोठं वाटतं, कारण सिद्धांत उद्या बदलू शकतो आणि त्याच्यावर टेकवलेली श्रद्धा मग त्याच्याबरोबर पडते.

पण विज्ञान आणि धर्म, दोघांची खाती वेगळी, विषय संपला, असं मी तुला सांगणार नाही, ते फार सोपं उत्तर आहे. धर्म जगाबद्दलही बोलतोच, पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओवर 1633 मध्ये खटला चालला तो उगाच नाही. जे तपासता येतं ते तपासायचंच आणि तिथे मापाचं ऐकायचं, आईची गोळी त्यातलीच. पण बाबांची रक्तवाहिनी कशी बंद झाली, हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन का मिळाला नाही, हे तू शंभर वेळा वाचलं असशील, आणि तरी थिसिस झाल्यावर पहिला फोन कुणाला करू, हा प्रश्न त्या रिपोर्टमध्ये कुठे आहे? काहींना याचं उत्तर देवाशिवाय मिळतं, कामात, माणसांत, त्यांचं जगणं काही कमी अर्थाचं नसतं. तुला बाबांच्या शब्दांत मिळतंय तर मिळू दे.

माझा भाऊ आयसीयूत होता तेव्हा मी रात्रभर मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघत होते आणि तोंडाने देवाचं नाव घेत होते, आकडा 88 वर आला तेव्हा नाव घेतच नर्सला हाक मारली. दोन्ही मीच होते.

एकाच घरात हे दोन्ही असतं तेव्हा दुखतं हे मात्र खरं. डार्विन आणि एमाचं लग्न 1839 सालचं. ती श्रद्धाळू, आणि याच्या शंका वाढत चाललेल्या, तेव्हा तिने त्याला एक पत्र लिहिलं, तुझ्या शंकांची मला काळजी वाटते म्हणून. 1851 मध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली, त्याची श्रद्धा काही परत आली नाही. पण ते पत्र त्याने जपून ठेवलं आणि खाली लिहून ठेवलं की मी गेल्यावर तुला कळू दे, मी याचे कितीदा मुके घेतलेत आणि रडलोय.

तू आईला अजून सांगितलंच नाहीयेस ना की तू बाबांची प्रार्थना म्हणतेस? सांग तिला. आज बीपी बघशील ना, तिच्या दंडाला पट्टा बांधलेला असेल, तेव्हाच सांग.