अंध माणसाला वाट काढून देणारा गाइड डॉग सिग्नल ओळखतो का? असं पिल्लू आपल्याला घरी वाढवायला मिळतं का?

सिग्नल ओळखतो का? नाही. कुत्र्याला लाल-हिरवा कळत नाही आणि कुठं जायचंय हेही त्याला ठाऊक नसतं. वाट माणसाच्या डोक्यात असते. चौकात गाड्यांचा आवाज ऐकून निघायचं कधी हे तोच ठरवतो आणि ‘फॉरवर्ड’ म्हणतो. मधले खड्डे, पायऱ्या, डोक्याला लागेल अशी फांदी, हे सगळं चुकवत नेणं कुत्र्याकडे. फक्त समोरून गाडी येत असेल तर हुकूम मिळूनही तो जागचा हलत नाही. असा हुकूम मोडायला त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड शिक्षण तेच.

पिल्लू मात्र मिळतं. तुम्ही न्यू जर्सीत नवीन आहात म्हणता, म्हणजे मॉरिसटाउन जवळच. तिथली ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ पासून गाइड डॉग तयार करते. पिल्लू ७-८ आठवड्यांचं झालं की ते स्वयंसेवक कुटुंबाकडे देतात, वर्षभराहून थोड्या जास्त काळासाठी. आम्हीही एक वाढवलं.

रस्ता ओलांडणं वगैरे तुम्ही शिकवायचं नाही, ते नंतर प्रशिक्षक बघतात. तुमच्याकडे कंटाळवाणा भाग: सांगितल्या वेळी शी-शू, टेबलाखाली गप्प पडून राहणं, ट्रेन, लिफ्ट, गर्दी, आवाज यांची सवय. गणपतीत पहिल्या आरतीला झांजा वाजल्या तशी आमची स्वारी सोफ्यामागे पळाली. विसर्जनापर्यंत आरती चालू असताना घोरायला लागली होती. खरा त्रास कुत्र्याचा नाही, पाहुण्यांचा. “अगं, एवढासा पोळीचा तुकडा दिला तर काय होतंय?” होतं ते असं, की हातातलं खायची चटक लागलेला कुत्रा उद्या हॉटेलात एखाद्या अंध माणसाला शेजारच्या टेबलाकडे ओढत नेतो. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण नंतर त्याच इतरांना दटावायच्या.

शेवटी परत द्यावं लागतं, आणि सगळे रडतात. त्याला इलाज नाही. सगळीच पिल्लं पास होत नाहीत. एखाद्याचे सांधे कमजोर निघतात, एखाद्याला खार दिसली की राहवत नाही. आमचं पास झालं. शिक्षण संपत आलं तेव्हा आम्हाला लांबून, त्याला पत्ता लागू न देता, ते काम करताना बघू दिलं. मुलीपेक्षा माझेच डोळे जास्त भरले होते.

इथे अमेरिकेत दुकानात सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, आला तर कायद्याने दोनच प्रश्न विचारता येतात: हा अपंगत्वामुळे लागणारा कुत्रा आहे का, आणि त्याला काय काम शिकवलंय. कागद मागता येत नाही. घरच्या लाडक्याला ऑनलाइन घेतलेलं जॅकेट घालून मॉलमध्ये फिरवणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. तो भुंकला, की पुढच्या खऱ्या कुत्र्याकडे लोक संशयाने बघतात.

पुण्यातल्या भावाला अंधांसाठी काय करता येईल, हेही तुम्ही विचारलंय. मोकाट कुत्री आणि तिथले फुटपाथ बघता गाइड डॉगचा विचार सध्या सोडा. त्याने लेखनिक व्हावं, म्हणजे परीक्षेत अंध विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून द्यावं. परीक्षेच्या हंगामात अंध विद्यार्थ्यांना लेखनिक मिळता मिळत नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे ३ तासांच्या पेपरला ४ तास बसायची तयारी हवी. उत्तर चुकतंय असं दिसलं तरी सांगितलं तेच लिहायचं. इथे हुकूम मोडायची मुभा नाही. अक्षर सुवाच्य हवं, आणि गणिताचा पेपर असेल तर कंस नेमका कुठे संपतो हे परीक्षार्थीला न कंटाळता विचारणारा माणूस हवा.