लग्नासाठी चार दिवस ठाण्याला येतोय, आई सोबत आहे, नातेवाईक ठाण्यापासून पनवेलपर्यंत पसरलेत. सगळ्यांकडे जाणं जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि गेल्या वर्षीचा आमचा मे महिना डोळ्यासमोर आला. तुम्ही लिहिलंय की कणकवलीहून तुम्ही, मिस्टर, दोन मुलं आणि ७२ वर्षांची आई असे पाच जण येणार, लग्न घोडबंदर रोडला आणि आईच्या यादीत सात घरं. मी वर्तकनगरला राहते, माहेर कुडाळजवळचं, आणि गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाला आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं पाच दिवस माझ्याकडेच होती. त्यामुळे सरळ सांगते, सात घरं करू नका. दोन करा. बाकीचे सगळे हळदीला आणि हॉलवर भेटतात, खरंच भेटतात.

आमची पण यादी होती, दादाने गावाहूनच कागदावर लिहून आणलेली, कळवा, मग नौपाड्यात दोन घरं, कोपरखैरणे, नेरूळ असं करत करत. पहिल्या दिवशी चार घरं केली. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी पोहे नाहीतर उपमा, नाही म्हटलं तर वाईट वाटतं म्हणून खाल्लं, आणि प्रत्येक घरी अर्ध्या तासाने दादा घड्याळ बघायला लागायचा. संध्याकाळी आईचे पाय एवढे सुजले होते की चपलेचा पट्टा निघेना, मी गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसवलं तिला. दिवसभरात ती कोणाशी काय बोलली विचारलं तर तिला नीट आठवेना. ज्यांच्याकडे गेलो त्यातले तीन घरचे लोक दोन दिवसांनी हळदीला भेटले आणि तिथे रात्री साडेबारापर्यंत बसून मनसोक्त गप्पा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आज माका खंय नेव नको, माका आक्काकडे सोड." आक्का म्हणजे तिची मोठी बहीण, ऐरोलीला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, गुडघे पार गेलेत त्यामुळे तीन वर्षांत खाली उतरलेली नाही. लग्नाला ती येऊच शकणार नव्हती आणि आमच्या यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं, लग्न झाल्यावर वेळ उरला तर. याचं मला अजून वाईट वाटतं.

आईला तीन मजले चढायला पंधरा मिनिटं लागली, प्रत्येक वळणावर वहिनीने आणलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसवत बसवत नेली. आक्का दार उघडं टाकून आतून ओरडत होती, "इलंस गे! हळू ये!" आणि मग दोघी भेटल्यावर रडारड वगैरे काही झाली नाही, आईने पिशवीतून आठळ्या काढल्या आणि दोघी जमिनीवर पेपर पसरून सोलायला बसल्या. वरवंट्याने हलकेच ठेचायचं, वरचं पांढरं साल काढायचं, आतलं बी पातेल्यात टाकायचं. साडेचार तास बसल्या होत्या. घराच्या मागचा कापा फणस कोणी तोडला, कुठल्या काकीने कुठली बांगडी कोणाला दिली, कोण कोण गेलं, असली बोलणी. मी चहा करत होते आणि ऐकत होते, आईच्या तोंडून तिच्या लहानपणातल्या अशा गोष्टी ऐकल्या ज्या मला पन्नास वर्षांत कधी कळल्या नव्हत्या.

निघताना आक्काने देवघरातली वाटी मागवली. पत्रिकेबरोबर आलेल्या अक्षता तिने त्यात जपून ठेवल्या होत्या. त्यातल्या चिमूटभर आईच्या रुमालाच्या टोकाला बांधून दिल्या, म्हणाली माझ्या वाटच्या तू टाक. आणि लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना सगळे हॉलने दिलेल्या अक्षता टाकत होते आणि आई ती गाठ सोडत बसली होती, सुटेना पटकन, शेवटी "सावधान"ला कशीबशी सुटली आणि तिने टाकल्या.

म्हणून म्हणते, आईला आधी विचारा की यादीतलं कोण हॉलवर येऊ शकणार नाही. आजारी असेल, अंथरुणाला खिळलेलं असेल, नुकतंच घरात कोणी गेलं असेल म्हणून शुभकार्याला येत नसतील. त्यांच्याकडे जायचं, आणि लग्नाच्या आधी जायचं, अर्धा दिवस मोकळा ठेवून. नंतर माणूस थकलेलं असतं आणि डोक्यात परतीची गाडी असते. उरलेल्यांना आधीच फोन करून प्रेमाने सांगा की हळदीला लवकर या, आईला निवांत भेटायचंय. फोन आईनेच केला तर कोणी राग धरत नाही, आमच्याकडे एका मामींनी धरला होता थोडा पण हळदीला त्याच सगळ्यात आधी हजर. केळवण कधी आहे तेही विचारून घ्या, तुमच्या तारखांत बसत असेल तर एकाच पंगतीत चार घरं भेटतात.

आता येण्याजाण्याचं. तुम्ही कोकणकन्याने येणार म्हणताय तर ती ठाण्याला पहाटे पाचच्या आधीच येते आणि थांबते अगदी थोडा वेळ, म्हणून दिवा स्टेशन गेलं की सगळ्यांना उठवून सामान दाराशी आणा. ज्यांच्याकडे उतरणार ते घर नेरूळ, खारघरकडे असेल तर ठाण्यापर्यंत येऊच नका, पनवेललाच उतरा. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, आणि मे महिन्यात कोकणच्या गाड्या किती पटकन भरतात हे तुम्हाला मी सांगायला नको, आईसाठी लोअर बर्थ नक्की मागा. ठाण्याला पश्चिमेला बाहेर आलात की वर सॅटिसचा पूल दिसेल, त्याच्यावर टीएमटीच्या बसेस आणि खाली रिक्षा. आमची पोरं पहाटे झोपेने डुलत होती तेव्हा दादाने त्यांना प्लॅटफॉर्मवरच सांगितलं की १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथेच आली होती, धाकट्याची झोपच उडाली, चार दिवस तो भेटेल त्याला तेच सांगत होता.

ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, पनवेल यासाठी टॅक्सी करू नका, ट्रान्स हार्बरची लोकल आहे. ठाण्यात ती ९ आणि १० नंबरवरून सुटते, पश्चिमेकडून आलात तर स्टेशनचा सगळा पूल चालत जावं लागतं, आईसाठी रिक्षा पूर्वेला कोपरीच्या बाजूला न्या म्हणजे चालणं वाचतं. ऐरोली दहा-बारा मिनिटं, पनवेल साधारण पाऊण-एक तास. तुर्भ्यानंतर एक फाटा सानपाडा-वाशीला जातो आणि दुसरा जुईनगर-नेरूळकडे, म्हणून इंडिकेटर बघूनच चढा. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा-सातची वेळ टाळा, दुपारी बारानंतर बसायला मिळतं. आणि रविवार असेल तर त्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, आहे का ते आदल्या दिवशीच बघा. आमच्याकडे लग्न रविवारी होतं, पनवेलचे दोन काका ब्लॉकमध्ये अडकले आणि मुहूर्त टळून गेल्यावर पोचले, बिचारे जेवणाच्या पंगतीतच भेटले.

घोडबंदर रोडचं मात्र मनावर घ्या. तिथे अवजड गाड्या, मेट्रोचं काम, गायमुखचा घाट तुंबला की मागे सगळं तुंबतं. एरवी मला कासारवडवली वीस-पंचवीस मिनिटं लागतात, लग्नाच्या सकाळी सव्वा तास लागला, गाडीत नवरीची मावशी वेणीतली फुलं सुकतील म्हणून ओल्या रुमालात धरून बसली होती. जमलं तर आदल्या रात्रीच हॉलच्या खोल्यांत मुक्कामाला जा. वधूपक्षाला किंवा वरपक्षाला तीन-चार खोल्या मिळतात, एक खोली वयस्कर माणसांसाठी म्हणून आधीच बोलून ठेवा, नाहीतर तिथे मेकअपवाल्या आणि साड्यांच्या बॅगा पसरतात आणि म्हातारी माणसं खुर्चीवर ताटकळतात. बहुतेक हॉल दुपारी चारच्या सुमाराला रिकामे करायला लावतात आणि तुमची परतीची कोकणकन्या ठाण्याहून रात्री उशिरा, त्यामुळे त्याच दिवसाचं तिकीट काढू नका, सामान आणि आई घेऊन सात-आठ तास कुठे बसणार? दुसऱ्या दिवशीचं काढा.

राहायचं म्हणाल तर पाचही जण एकाच वन बीएचकेमध्ये नको. यजमान या या म्हणतात, मनापासून म्हणतात, पण सकाळी पाणी ठरावीक वेळ येतं आणि बाथरूम एक. आईला नातेवाईकांकडे ठेवा, तुम्ही चौघं दुसऱ्या घरी किंवा दोन रात्री लॉजवर. यात कमीपणा काही नाही, फक्त आधी सांगा, ऐनवेळी नको.

मुलांना घरोघरी फिरवू नका हो. आक्काकडे आईला सोडल्यावर दादा पोरांना घेऊन ऐरोलीच्याच किनारी जैवविविधता केंद्रात गेला, तिथून खाडीत बोटीने रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो दाखवतात, बोट भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते म्हणून बुकिंग आधी करावं लागतं. पावसाळ्यात येत असाल तर हे मिळणार नाही. संध्याकाळी तलावपाळी पुरते, बोटिंग, शेजारीच कौपिनेश्वराचं देऊळ, आणि तुमची खरेदी राहिली असेल तर राम मारुती रोड चालत अंतरावर. फुलं, गजरे जांभळी नाक्यावरून घ्या. मामलेदार मिसळ खाल्लीच पाहिजे असं सगळे सांगतील, खा, पण लग्नाच्या आदल्या दिवशी नको आणि आईला तिखट न घातलेली मागा, ती फार झणझणीत असते.

खाऊचं एक, घर मोजून सारख्या पिशव्या गावाहूनच बांधून आणा, आमसुलं, कुळथाचं पीठ, पाच-सहा आठळ्या. हळदीला हातात देता येतात, त्यासाठी घरी जायला लागत नाही. आहेर नको असं पत्रिकेत लिहिलेलं असलं तरी पाकीट जवळ असू द्या, कोण कधी भेटेल सांगता येत नाही.

मुहूर्त सकाळचा आहे की गोरज, आणि त्या सात घरांतली कुठली माणसं हॉलवर येऊ शकणार नाहीत तेवढं खाली लिहा, मग कुठल्या दिवशी कुठली गाडी धरायची ते मी बसून सांगते.